दहाच कथा निवडणाऱ्या खुळ्यांची स्तुती

मराठीत आजवर लिहिल्या गेलेल्या हजारो कथांमधून दहा कथा वेगळ्या काढायच्या आणि चारचौघांत छातीठोकपणे सांगायचं की याच काय त्या अजरामर, हा निखळ खुळेपणा आहे. त्याला शास्त्राचा आधार नाही. कथा मोजायची पट्टी कुणाकडे नाही. निवडणाऱ्याने सगळ्या कथा वाचलेल्या नसतात आणि वाचल्या असतील त्यांतल्या बऱ्याचशा विशीत, अभ्यासाचं पुस्तक बाजूला सारून वाचलेल्या असतात. तरीही एखाद्या वाचनालयाच्या पायरीवर किंवा संमेलनाच्या भोजनमंडपात कुणीतरी हा उद्योग मांडतो आणि उठेपर्यंत जुन्या मैत्रीत वाकडं आणतो. मला या माणसाची स्तुती करायची आहे. मराठी कथा आज जेवढी जिवंत आहे, तेवढी ती याच्या खुळामुळेच आहे, असं माझं ठाम मत आहे.

शहाणा माणूस निवड करत नाही. त्याला विचारलं तर तो म्हणतो, प्रत्येक कथेचं आपापलं स्थान असतं, आवडीनिवडी व्यक्तिसापेक्ष असतात, आणि शेवटी काय ते काळच ठरवील. ऐकायला हे फार समंजस वाटतं. पण काळ कसा ठरवतो, हे आपण वर्षानुवर्षं पाहत आलो आहोत. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक १९०९ साली काढला. तेव्हापासून दर दिवाळीला अंक निघतात, आता तर शेकड्यांनी निघतात, आणि प्रत्येकात पाच-सहा तरी कथा असतात. तुळशीच्या लग्नापर्यंत ते टेबलावर राहतात, मग माळ्यावर जातात आणि घर बदलताना रद्दीवाल्याकडे. ज्या थोड्या कथांचा पुढे संग्रह निघतो, त्याची हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती निघते, ती संपायला काही वर्षं लागतात, आणि संपली की पुन्हा निघेलच याची खात्री नाही. काळाच्या हाती सोपवलेल्या कथेचा प्रवास हा असा आहे. काळ काहीही ठरवत नाही, तो फक्त विसरतो. एखादी कथा त्याच्या तावडीतून सुटली असेल, तर कुणीतरी तिच्यासाठी भांडलं म्हणून सुटली.

कादंबरीला अशा भांडणाची तेवढी गरज नाही. तिचं स्वतःचं पुस्तक असतं, पाठीवर नाव असतं, कपाटात उभी राहायला जागा असते. कथा मात्र दुसऱ्यांच्या सोबतीने राहते. संग्रहातल्या अकरा कथांमधली ती सातवी असते. तिचं नाव मुखपृष्ठावर आलं तर नशीब. म्हणून कथेला बोट दाखवणारा माणूस लागतो. ‘हा संग्रह वाच’ म्हणणारा तिच्या काही कामाचा नाही, ‘यातली सातवी कथा वाच, आधी तीच वाच’ असं म्हणणारा हवा.

असा खुळेपणा पेशा म्हणून करणारी माणसं आपल्याकडे होऊन गेली. गिरगावातल्या खटाववाडीत ‘मौज’च्या छापखान्याच्या आधाराने ‘सत्यकथा’ मासिक चालत होतं. श्री. पु. भागवत आणि पुढे राम पटवर्धन यांनी तिथे जे केलं, ते व्यवहाराच्या कुठल्याही हिशेबात बसत नाही. आलेली कथा वाचायची, लेखकाला सविस्तर पत्र लिहायचं, पुन्हा लिहून मागवायची, पुन्हा वाचायची आणि एवढं करूनही नाही पटली तर साभार परत. गावोगावच्या किती तरुणांनी त्या ‘साभार परत’च्या धास्तीने पोस्टमनची वाट पाहिली असेल! मासिकाची पानं भरायची तर आलेलं छापणं सोपं होतं. यांनी परत करण्याचं अवघड काम पत्करलं. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर ही नवकथेची चार नावं आज आपण एका दमात घेतो. ती एका दमात घेता येतात, कारण कुणीतरी त्या काळात निवडीचा हट्ट धरला होता. ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद पडलं. पण त्या हट्टातून जी रुची घडली, तिच्यावर मराठी वाचक अजून जगतो आहे.

निवडीने अन्यायही होतो, आणि तो झाला. एका वाडीत ठरलेली रुची साऱ्या महाराष्ट्राची म्हणून मिरवू लागली, तेव्हा बाहेर राहिलेल्यांना राग आला. १९६९ मध्ये राजा ढाले आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘सत्यकथे’ची होळी केली. ही घटना सांगताना काही जण अजूनही हळहळतात. मला ती मराठी वाङ्मयाच्या इतिहासातली अभिमानाची घटना वाटते. कथा आणि कविता छापणाऱ्या एका मासिकाने काय निवडलं आणि काय नाकारलं, याचा तरुणांना एवढा संताप यावा की त्यांनी ते रस्त्यावर जाळावं! ज्या समाजात वाङ्मयाचं कुणाला काही पडलेलं नसतं, तिथे मासिकं जाळत नाहीत, तिथे ती रद्दीत जातात. निवडणारे भागवत-पटवर्धन आणि जाळणारे ढाले हे एकाच खुळाचे दोन मोठे साधक होते. कथा कोणती मोठी, हा जिवाचा प्रश्न आहे, याबद्दल त्यांचं एकमत होतं.

भालचंद्र नेमाड्यांनी तर कथा हा प्रकारच कादंबरीपुढे क्षुद्र ठरवला. कथाकार दुखावले आणि त्यांनी दुखावणं योग्यच होतं. हे मत मला मुळीच मान्य नाही. चाळीस पानांत संपणारी गोष्ट चारशे पानांच्या गोष्टीपेक्षा लहान ठरते, हा हिशेब कापडाच्या दुकानात ठीक आहे. पण या मतामुळे जो वाद पेटला, त्यात कथेच्या बाजूने बोलणाऱ्यांना कथेची नावं घेऊन बोलावं लागलं. ‘कथा हा थोर प्रकार आहे’ एवढं म्हणून भागेना, ‘कोणती कथा, दाखवा’ असा सवाल आला. एवढ्यासाठी तरी नेमाड्यांचे आभार मानले पाहिजेत.

मग नावं घ्यायला बसलं की पहिली अडचण सुरुवातीपासूनच येते. हरिभाऊ आपट्यांनी ‘करमणूक’ १८९० मध्ये सुरू केलं आणि त्यात स्फुट गोष्टी लिहिल्या. त्यांच्या ‘काळ तर मोठा कठीण आला’ या दुष्काळाच्या गोष्टीला यादीत घ्यायचं की प्रस्तावनेत? बहुतेक जण तिला मान देऊन प्रस्तावनेत बसवतात. मी तिला यादीत घेतो. दुष्काळात गाव सोडून निघालेली माणसं आपल्या वाङ्मयात तेव्हापासून चालत आहेत आणि अजून पोचलेली नाहीत.

त्यानंतर फडके-खांडेकरांचा काळ येतो. ना. सी. फडक्यांनी लघुकथेचं तंत्र आणि मंत्र शिकवणारं पुस्तकच लिहिलं. सुरुवात कशी करावी, गुंता कुठे वाढवावा, शेवटी धक्का कसा द्यावा, हे त्यांनी मराठी लेखकांच्या एका पिढीला शिकवलं. त्यांची वाक्यं आजही कुठे अडखळत नाहीत. पण फडक्यांची एक कथा सांगा, असं जाणकारांच्या घोळक्यात विचारून पाहा. लेखकाचं नाव सगळ्यांना येतं, कथेचं नाव येत नाही. यादी करण्याच्या खुळाचा एक मोठा फायदा इथे कळतो. लेखकाची कीर्ती बाजूला पडते आणि कथेला स्वतःच्या पायावर उभं राहावं लागतं. पुतळे लेखकांचे उभारतात. यादीत मात्र पुतळ्याला प्रवेश नाही.

लेखकाचं नाव कथेच्या आड कसं येतं, हे १९३३ साली महाराष्ट्राने पाहिलं. ‘कळ्यांचे निःश्वास’ हे विभावरी शिरूरकर या नावाने निघालं. शिकलेल्या, कमावत्या, घरच्यांसाठी लग्न लांबवलेल्या मुलींच्या मनातलं त्यात होतं, आणि आपल्या थोर समाजाने काय केलं, तर ही विभावरी कोण याचा शोध घेतला. त्या बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर, हे कळेपर्यंत आणि कळल्यानंतरही, बाईने हे लिहावं का यावरच रान उठलं. कथांतल्या मुलींकडे पाहायला थोड्यांनाच सवड होती. याच्या अगदी उलट गोष्ट १९७४ ची. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची कथा पहिली आली. लेखक म्हणून नाव होतं नारायण विनायक जगताप. ते जयंत विष्णु नारळीकर निघाले, आद्याक्षरं उलटी करून आलेले. परीक्षकांपुढे जगद्विख्यात शास्त्रज्ञ नव्हता, एका अनोळखी जगतापांचे कागद होते, आणि त्यांनी त्यांतली कथा ओळखली. अशी निवड ज्यांनी केली, त्या परीक्षकांना माझा नमस्कार.

जी. ए. कुलकर्ण्यांपाशी आलं की मात्र यादी करणाऱ्याच्या खुळाला सीमा राहत नाही. धारवाडला इंग्रजी शिकवणाऱ्या, सभासमारंभ टाळणाऱ्या या लेखकाचे भक्त जितके आहेत, तितके त्यांचे पंथ आहेत. ‘निळासावळा’, ‘पारवा’, ‘हिरवे रावे’ वाले म्हणतात, खरे जी. ए. तिथे आहेत, अंधाऱ्या सोप्यात, कर्जात बुडालेल्या घरात, ‘चंद्रावळ’, ‘राधी’, ‘माणूस नावाचा बेटा’ या कथांत. नंतरच्या, नाव-गाव-काळ नसलेल्या, वाळवंटातून आणि राजवाड्यातून फिरणाऱ्या कथा त्यांना कोरीव पण थंड वाटतात. दुसरा पंथ म्हणतो, आधीचं सारं ही तयारी होती, आणि जी. ए. खरे सुरू होतात ते ‘काजळमाया’पासून. हा पंथ ‘विदूषक’, ‘प्रवासी’, ‘इस्किलार’, ‘ऑर्फियस’ यांची नावं घेतो. ‘रमलखुणा’त तर दोनच कथा आहेत, आणि त्या दोन मिळून अख्खं पुस्तक होतं, तेव्हा त्यांना कथा म्हणायचं की नाही इथपासून वाद.

मी हा वाद अनेकदा ऐकला आहे, त्यात पडलो आहे, आणि तो संपू नये असं मला वाटतं. कारण या वादात दोन्ही बाजू जी. ए. पुन्हा वाचून येतात. ज्याला ‘राधी’ श्रेष्ठ ठरवायची आहे, त्याला ‘विदूषक’मधलं न्यून दाखवण्यासाठी ‘विदूषक’ वाचावी लागते, आणि मग तो थोडा गप्प होतो. पुरस्काराने हे होत नाही. ‘काजळमाया’ला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, पुस्तकाच्या प्रकाशनाच्या तारखेवरून वाद निघाला आणि जी. एंनी पुरस्कार परत केला. एका तारखेपायी एवढा मोठा सन्मान परत करणं, हाही व्यवहाराच्या भाषेत खुळेपणाच. पुरस्कार गेला, आणि ‘काजळमाया’चं केसभरही काही गेलं नाही. तिच्यासाठी भांडणारे वाचक तिच्यापाशी होते.

माझं मत विचाराल तर जी. एंची एकच कथा घ्यायची झाल्यास मी ‘विदूषक’ घेईन. ‘राधी’ने मला अधिक रडवलं आहे, हे खरं. तरीही ‘विदूषक’सारखी कथा मराठीत तिच्याआधी कुणी लिहिली नव्हती आणि तिच्यानंतर ज्यांनी लिहायचा प्रयत्न केला, त्यांच्या हाती जी. एंची नक्कल आली. एखादी कथा आपल्या वाटेवर दुसऱ्या कुणाला पाऊल टाकू देत नाही, ही माझ्या लेखी मोठेपणाची एक खूण आहे.

दुसरी खूण बाबुराव बागुलांच्या कथेत दिसते. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा त्यांचा संग्रह १९६३ मध्ये आला. गुजरातेत उधन्याला रेल्वेच्या नोकरीवर आलेला तरुण, भाड्याच्या खोलीसाठी लपवलेली जात, आणि ती उघडी पडल्यावर बसलेला मार. दलितांविषयी कळवळ्याने लिहिलेल्या कथा मराठीत त्याआधी पुष्कळ होत्या. बागुलांची कथा वाचल्यावर त्या एका रात्रीत म्हाताऱ्या झाल्या. त्यांतला कळवळा खरा असेल, पण तो ओसरीवर उभं राहून व्यक्त केलेला होता, हे दिसू लागलं. आपल्या मागच्या कथांचं वय वाढवणारी कथा दुर्मीळ असते. गाडगीळांच्या ‘किडलेली माणसे’ने फडक्यांच्या कथेचं असंच वय वाढवलं.

अण्णा भाऊ साठ्यांच्या ‘स्मशानातील सोनं’बद्दल आपल्या जुन्या यादीकारांनी जो गप्पपणा पाळला, त्याची लाज वाटायला हवी. खाणीतलं काम गेलेला भीमा मढ्याच्या राखेत सोनं शोधतो, कोल्ह्यांशी झुंजतो, प्रेताच्या जबड्यात त्याची बोटं अडकतात. आणि बोटं गेल्यावर कळतं की खाण पुन्हा सुरू झाली आहे. डोंगर फोडणारी बोटं गेली. मुंबईच्या आसपासची गरिबी, काम, भूक आणि मरण यांचा एवढा कडक हिशेब इतक्या थोड्या पानांत दुसऱ्या कुणी मांडला असेल तर मला दाखवा. ही कथा वर्षानुवर्षं कामगार वस्त्यांत वाचली गेली, ऐकली गेली आणि समीक्षेच्या ग्रंथांत मात्र तिला ओळ-दोन ओळी मिळत राहिल्या. आज ती यादीत हक्काने येते, कारण तिच्यासाठी हट्ट धरणारे खुळे अखेर पुढे आले. आणि यादी अशी विलक्षण गोष्ट आहे की तिच्यात कम्युनिस्ट अण्णा भाऊ आणि हिंदुत्वाचे कडवे पुरस्कर्ते पु. भा. भावे शेजारी-शेजारी येऊ शकतात. व्यासपीठावर त्यांना कुणी असं बसवलं नसतं. भाव्यांची मतं मला पटत नाहीत, पण त्यांच्या कथांवर त्यापायी फुली मारणारा माणूस यादी करायला लायक नाही, असं मी मानतो.

ज्या कथेने हसवलं, तिला मात्र यादीकार अजूनही दारात उभं ठेवतात. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर या तिघांनी गावोगाव कथाकथन केलं. शाळेच्या पटांगणावर, गणपतीच्या मांडवात, जिथे पुस्तक पोचत नव्हतं तिथे कथा पोचवली. ‘धिंड’ ऐकताना लोटपोट झालेला आणि ‘भुताचा जन्म’ दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याला तोंडपाठ सांगणारा श्रोता कुठल्या समीक्षकाला मोजता आला नाही, म्हणून तो हिशेबातच धरला गेला नाही. कथा वर्षानुवर्षं तोंडी फिरते आणि पडत नाही, यापेक्षा मोठी परीक्षा कोणती? मिरासदारांचं वाक्य ऐकू येतं, त्याला आवाज असतो, आणि आवाज असलेलं वाक्य लिहिणं किती अवघड असतं, हे लिहिणाऱ्याला ठाऊक असतं. विनोदी म्हणून या कथांना दुय्यम मानणं हा आपला जुना दोष आहे आणि तो आता सोडला पाहिजे.

माडगूळकरांपुढे तर वेगळाच पेच आहे. ‘माणदेशी माणसं’ १९४९ चं पुस्तक. त्यातला धर्मा रामोशी आपल्याला सख्ख्या माणसासारखा आठवतो, पण ती कथा की व्यक्तिचित्र, यावर अभ्यासक अजून एकमत करू शकलेले नाहीत. खुळ्या माणसाला हा प्रश्न पडत नाही. तो म्हणतो, मी वाचली, मला ती कथा वाटली, लिहा यादीत. मी त्याच्या बाजूने आहे.

कधीकधी सिनेमा कथेसाठी हट्ट धरतो, आणि तेव्हा तिचं काय होतं हे पाहण्यासारखं आहे. श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’ ही कथा. तिच्यावरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि गोविंद निहलानींनी १९८३ मध्ये ‘अर्ध सत्य’ केला. ओम पुरींचा सब-इन्स्पेक्टर वेलणकर देशभर पोचला. पानवलकरांचं नाव तेवढं पोचलं नाही. चारुता सागरांची ‘दर्शन’ २००९ च्या ‘जोगवा’मागे उभी आहे. सांगली जिल्ह्यातल्या मळणगावच्या या शिक्षकाने देवाला सोडलेल्या माणसांचं जग किती आतून पाहिलं होतं, हे ज्यांना सिनेमा आवडला त्यांनी मुद्दाम कथेकडे जाऊन पाहावं. जी. एंच्या ‘कैरी’चा अमोल पालेकरांनी सिनेमा केला. आणि दि. बा. मोकाशींची ‘आता आमोद सुनासि आले’ सुमित्रा भावे यांनी कितीतरी वर्षं मनात जपली आणि अखेर ‘दिठी’ केला. तो २०२१ मध्ये लोकांपुढे आला तेव्हा त्या नव्हत्या.

मोकाशींच्या या कथेपाशी मला थांबायचं आहे. पुण्यात रेडिओदुरुस्तीचा धंदा करणारा हा माणूस, कुठल्या वादात नाही, कुठल्या गटात नाही. कथेतही फार काही घडत नाही. पावसाची झड लागलेली आहे, मुलगा गमावलेला एक लोहार दुःखाने दगड झालेला आहे, आणि एक गाय अडली आहे. वारीला जाणारा, पोथी ऐकणारा हा लोहार, ज्या शब्दांवर आयुष्यभर विसंबला ते शब्दच आता त्याला लागू पडत नाहीत. कोरड्या झालेल्या शब्दांत पुन्हा ओल कशी येते, हे मोकाशींनी एका गोठ्यात दाखवलं. वारकरी परंपरेवर आपल्याकडे ग्रंथांच्या राशी आहेत. मला ती परंपरा जेवढी या कथेने समजावली, तेवढी कुठल्या ग्रंथाने समजावली नाही. मराठीतली एकच कथा वाचायला मिळेल असं कुणी म्हणालं, तर मी ही देईन. ‘विदूषक’च्याही आधी देईन.

बायकांच्या कथांबाबत आपल्या याद्या फार कृपण राहिल्या. एखादं नाव शेवटी जोडायचं आणि कर्तव्य झालं म्हणायचं, ही सवय. कमल देसाईंची ‘तिळा बंद’ घ्या. त्या कथेत शिरायला दार सापडत नाही, आणि सापडलं की बाहेर पडायला सापडत नाही. बाईच्या मनाचं असं गणित, कुणाची सहानुभूती न मागणारं, त्याआधी कुणी मांडलं नव्हतं. अरविंद गोखल्यांची ‘मंजुळा’ सर्वांना आठवते, आठवायलाच हवी, मीही तिला यादीत ठेवतो. पण पुरुषाने लिहिलेली बाई सगळ्यांच्या ओठांवर आणि बाईने लिहिलेली बाई अभ्यासक्रमापुरती, असं का, याचं उत्तर यादी करणाऱ्यांनी दिलं पाहिजे. विजया राजाध्यक्ष, गौरी देशपांडे, सानिया, आशा बगे, मेघना पेठे यांपैकी कुणाची कोणती कथा दहात यावी, यावर पंथ पडलेले आणि मैत्री तुटलेली मला पाहायची आहे. जी. एंवर तुटते, मग यांच्यावर का तुटू नये?

एक काळ असा होता की कथाकारांना मान होता. १९७७ ते १९८५ या वर्षांत साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भावे, गाडगीळ, माडगूळकर आणि शंकर पाटील या चौघांकडेही गेलं. अलीकडेही जयंत पवारांच्या ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ला २०१२ मध्ये आणि आसाराम लोमट्यांच्या ‘आलोक’ला २०१६ मध्ये साहित्य अकादमी मिळाली. म्हणजे कथा संपलेली नाही. गिरणगावच्या राखेतून आणि मराठवाड्याच्या रानातून ती अजून उठते आहे. कमी झाले आहेत ते तिच्यासाठी भांडणारे. आता सगळे एकमेकांना ‘छान’ म्हणतात. सगळ्याच कथा छान असल्या, की कुठलीच कथा कुणाला सांगावीशी वाटत नाही.

तेव्हा मी माझ्या दहा सांगतो. हरिभाऊंची ‘काळ तर मोठा कठीण आला’, गाडगीळांची ‘किडलेली माणसे’, गोखल्यांची ‘मंजुळा’, माडगूळकरांची ‘धर्मा रामोशी’, मोकाशींची ‘आता आमोद सुनासि आले’, अण्णा भाऊंची ‘स्मशानातील सोनं’, बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’, शंकर पाटलांची ‘धिंड’, कमल देसाईंची ‘तिळा बंद’ आणि जी. एंची ‘विदूषक’. दिवाकर कृष्णांची ‘अंगणातला पोपट’ गळली, याचं मला दुःख आहे. पानवलकरांची ‘सूर्य’ गळली, चारुता सागरांची ‘दर्शन’ गळली. भाव्यांसाठी जागा मागून शेवटी मी त्यांची एकही घेतली नाही, आणि माझ्या दहांत बाईची कथा एकच आहे. ही यादी अन्याय करते आणि तरी ती मला मान्य आहे.

तुम्हाला मान्य नसेल तर तिच्यातली एक कथा खोडा. फक्त खोडण्याआधी ती वाचा, आणि तिच्या जागी जी लिहाल, तीही पुन्हा एकदा वाचा. मग ती कुणाला तरी वाचून दाखवा, घरातल्या मुलाला, कामावरच्या सोबत्याला, कुणालाही, आणि ती या दहांत का बसते हे त्याला पटेपर्यंत भांडा.